चार तास दहा मिनिटं : एका रेफर बाळाचं प्रकरण

जानेवारीचा शेवट होता. पहाटेचे पाच पन्नास झाले होते, बाहेर अजून अंधार होता. आजीनं लुगड्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "साहेब, लेकराला काचेत ठिवा म्हनून तीन ठिकानी फिरलाव. तुमी तरी नाई म्हनू नका."

लुगड्याची वरची घडी कोरडी होती, आतली ओलसर लागली. ती ओल गर्भजलाची होती. म्हणजे जन्मल्यापासून बाळ त्याच ओल्या कापडात होतं. डोक्याला टोपडं नव्हतं. दर श्वासाबरोबर बाळ कण्हत होतं, पण तो आवाज आता पार बारीक झाला होता. नवजात बाळांमध्ये काम करणाऱ्याला हे बारीक होणं जास्त भीतीचं वाटतं. कण्हणं थांबलं म्हणजे बाळ बरं झालं असं घरच्यांना वाटतं, आणि बाळ मात्र दमलेलं असतं.

मी मराठवाड्यातल्या एका विशेष नवजात शिशु कक्षात बालरोगतज्ज्ञ आहे. हे प्रकरण आई-वडिलांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुठल्याही दवाखान्याचं नाव दिलेलं नाही. नाव द्यायची गरजही नाही. बालाघाटच्या डोंगरापासून गोदाकाठापर्यंत कुठल्याही तालुक्यात ही रात्र अशीच गेली असती.

पोचलं तेव्हा

वजन १५६० ग्रॅम. काखेतलं तापमान ३४.१ अंश सेल्सिअस. नवजात बाळाचं ते ३६.५ ते ३७.५ असायला हवं. रक्तातली साखर २८. आम्ही ४५ च्या खाली गेली की लगेच उपचार करतो. श्वास मिनिटाला ७६, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात होती. ऑक्सिजनची नळी बाजूला केली तर पल्स ऑक्सिमीटरवर ८२. छातीवर बोट दाबून सोडलं तर त्वचेचा रंग परत यायला चार सेकंद लागत होते.

सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : "कमी दिवसांचं बाळ, श्वासाचा त्रास, पुढील उपचारासाठी रेफर." जन्माची वेळ नाही. बाळ जन्मल्यावर रडलं की श्वास द्यावा लागला, ते नाही. रक्तस्राव टाळणारं व्हिटॅमिन के दिलं का, आईचं पाणी कधी गेलं, तिला ताप होता का, यातलं काहीच नाही. आणि आईही नाही. ती मागे आरोग्य केंद्रातच होती.

बाळाला वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या पाळण्यावर घेतलं, कोरडं केलं, टोपडं घातलं. नाळेतून शीर मिळाली. दहा टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी) किलोला दोन मिलिलिटर या हिशेबानं द्यायचं, म्हणजे या बाळाला जेमतेम तीन मिलिलिटर. चहाचा चमचासुद्धा भरत नाही एवढं ते पाणी. अर्ध्या तासानं साखर ५८ आली आणि बाळानं पहिल्यांदा मूठ आवळली. त्या मुठीकडं मी पाहत राहिलो, कारण हे तीन मिलिलिटर पहाटे चारलाच देता आले असते, ते देण्याची सोय असलेल्या जागी बाळ तेव्हा दारात होतं.

नाकातून हवेचा दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं सीपॅप लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं, श्वास विसरू नये म्हणून कॅफीन दिलं. कच्च्या फुप्फुसांना उघडं राहायला मदत करणारं सर्फॅक्टंट दिलं तेव्हा बाळ पाच तासांचं होऊन गेलं होतं. हे औषध गरज असलेल्या बाळाला जन्मानंतर पहिल्या दोन तासांत मिळालं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. आम्ही ते उशिरा दिलं, तरी दिलं, आणि बाळानं साथ दिली.

थंडी एवढी महत्त्वाची का, हे घरच्यांना समजावताना मी नेहमी चुलीचं उदाहरण देतो. कमी दिवसांच्या बाळाकडं चरबीचं सरपण नसतं आणि अंगाच्या मानानं कातडीचं क्षेत्र मोठं असतं. ओलं राहिलं की ऊब झपाट्यानं उडून जाते. मग शरीर होती-नव्हती ती साखर जाळून गरम राहायला बघतं. त्या जाळण्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तो फुप्फुसं आधीच पुरवू शकत नाहीत. साखर संपते, रक्तात आम्ल वाढतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि श्वास आणखी बिघडतो. म्हणून "श्वासाचा त्रास" म्हणून पाठवलेलं बाळ पुष्कळदा वाटेतल्या गारठ्यानं जास्त आजारी होऊन पोचतं.

रात्र उलगडताना

बाळ स्थिर झाल्यावर चौथ्या दिवशी मी त्या रात्रीचा हिशेब मांडायला बसलो. आशाताईंशी बोललो, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांशी बोललो, रुग्णवाहिकेच्या नोंदी पाहिल्या, वडिलांच्या मोबाईलमधल्या कॉलच्या वेळा लिहून घेतल्या.

आई २१ वर्षांची, हे दुसरं बाळंतपण. नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे दोघं जोडीनं ऊस तोडणारे; मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीआधीच साखर कारखान्यावर गेलेले. माता-बाल संरक्षण कार्डावर गाव सोडण्यापूर्वीच्या दोनच तपासण्या होत्या. मधले तीन महिने कार्ड तिथल्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या पत्र्याच्या पेटीत होतं. पायांवर सूज आली म्हणून ती हंगाम अर्धा सोडून सासूबरोबर एसटीनं परत आली. नवरा मागून आला. आठ दिवसांनी संध्याकाळी पाणी गेलं. आशाताई तिला घेऊन रात्री नऊला आरोग्य केंद्रात पोचल्या. दिवस भरले होते ३३ आठवडे.

माझ्या मते या बाळाचं रेफर होणं नऊ वाजताच ठरलं होतं. ३४ आठवड्यांआधी जन्मणारं किंवा १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ विशेष कक्षाचंच असतं. त्यात नंतर ठरवण्यासारखं काही उरत नाही. आईला त्याच वेळी आमच्याकडं पाठवलं असतं तर बाळ पोटातच प्रवास करून आलं असतं. तिथं तापमान बिघडत नाही, साखर उतरत नाही, ऑक्सिजन संपत नाही. दुसरं म्हणजे, बाळाची फुप्फुसं पक्व व्हायला मदत करणारं डेक्सामेथासोन केंद्रात होतं. सहा मिलिग्रॅमचे चार डोस बारा बारा तासांनी द्यायचे असतात. पाठवण्याआधीचा पहिला डोस नर्सनंही द्यावा, असं शासनाचं मार्गदर्शन २०१४ पासून आहे. तो दिला गेला नाही.

पण सिस्टरांची बाजूही ऐकायला हवी. त्या म्हणाल्या, "सर, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं, दुसरी खेप. घाटात गाडीत बाळंत झाली असती तर मला कुणी सोडलं असतं का?" आठ-नऊ वर्षं आरोग्य केंद्रात रात्रपाळी केलेल्या बाईची ही भीती खोटी नाही. प्रत्यक्षात बाळंतपण पुढं चार तास चाळीस मिनिटांनी झालं आणि आमच्यापर्यंतचं अंतर होतं ७८ किलोमीटर. हे आज आपल्याला माहीत आहे, त्यांना नऊ वाजता माहीत नव्हतं. हा निर्णय त्यांना एकटीनं घ्यावा लागला, चूक मला तिथं दिसते.

एक चाळीसला बाळ जन्मलं. रडलं नाही. सिस्टरांनी बॅग-मास्कनं श्वास दिला आणि चाळीस-पन्नास सेकंदांत बाळ रडलं. हे त्यांनी चोख केलं. ते बाळ आज आहे ते आधी या चाळीस सेकंदांमुळं, बाकी सगळं नंतर. हे चिठ्ठीवर यायलाच हवं होतं, कारण त्यावरून आमचे पुढचे दोन दिवस ठरतात. पण त्यांना ते लिहिण्याजोगं वाटलं नाही. श्वास द्यायच्या गडबडीत ओलं कापड बदलायचं मात्र राहून गेलं, आणि आजीनं त्यावरूनच लुगडं गुंडाळलं.

सव्वादोनला कण्हणं लक्षात आलं. अडीचला रुग्णवाहिकेला फोन. तीन पाचला गाडी आली, सव्वातीनला निघाली. आई केंद्रातच राहिली, कारण बाळंतिणीला ४८ तास ठेवायचं असतं आणि त्या रात्री हा नियम कुणी मोडायचा हे कुणालाच सुचलं नाही. गाडीत आजी, वडील आणि बाळ. आजीनं स्वेटरवरून, शालीवरून बाळाचं गाठोडं छातीशी धरलं होतं. ते गाठोडं उघडून, बाळ कोरडं करून, तिच्या उघड्या छातीला लावून वरून शाल घेतली असती तर तीच त्या गाडीतली सगळ्यात चांगली ऊब होती. आजी तयार झाली असती. तिला कुणी सांगितलं नाही.

तीन पन्नासला गाडी तालुक्याच्या दवाखान्यात पोचली. तिथं नवजात स्थिरीकरण कक्ष आहे, वॉर्मर आहे, ग्लुकोमीटर आहे. रात्रीच्या एकट्या सिस्टर त्याच वेळी एका बाईचं बाळंतपण करत होत्या. वीस मिनिटांनी त्या हातमोजे काढत बाहेर आल्या, गाडीतच बाळ पाहिलं आणि म्हणाल्या, "खूप बारीक आहे, इथं होणार नाही, पुढं न्या." शब्द चुकीचे नव्हते. बाळ पुढंच जायला हवं होतं. पण स्थिरीकरण कक्षाचं नावच सांगतं की तिथं बाळ ठेवून घ्यायचं नसलं तरी स्थिर करून पाठवायचं असतं. त्या वीस मिनिटांत बाळ आत वॉर्मरवर असतं आणि कुणी एक साखर तपासली असती, तर पुढचा रस्ता वेगळा झाला असता. रजिस्टरमध्ये नोंद झाली नाही. कागदावर हे बाळ तिथं गेलेलंच नाही.

त्यानंतरची वीस मिनिटं एका खाजगी दवाखान्याच्या पायरीवर गेली. कुणीतरी वडिलांना सांगितलं होतं, "जवळच काचेची पेटी आहे." पेटी होती. आधी वीस हजार भरा म्हणाले. वडिलांच्या खिशात बत्तीसशे रुपये होते आणि पुढच्या हंगामापर्यंतची उचल घेऊन संपली होती. आजारी नवजात बाळाची ने-आण आणि सरकारी दवाखान्यातले उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून पैशाची जुळवाजुळव करत ते फोन लावत बसले. चार पस्तीसला गाडी निघाली ती पाच पन्नासला आमच्या दारात.

मी कागदावर बेरीज केली. जन्मापासून आमच्यापर्यंत चार तास दहा मिनिटं. त्यात गाडीची चाकं फिरत होती ती एक तास पंचावन्न मिनिटं. उरलेले सव्वादोन तास बाळ कुठं ना कुठं थांबलेलं होतं. आपल्याकडं बाळ उशिरा पोचलं की रस्त्यांना दोष देतात. रस्ते वाईट आहेतच. पण या बाळाचा जास्त वेळ रस्त्यानं खाल्लेला नव्हता.

बंद खोलीतला फोन

एवढा हिशेब मांडून मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना थोड्या घुश्शातच विचारलं, "निघताना आम्हाला एक फोन का नाही केला?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तीनदा केला सर. तुमच्या कक्षाचा जो नंबर आमच्या भिंतीवर आहे, त्यावर. उचलला नाही कुणी."

मी तो नंबर मागून घेतला. तो आमच्याच कक्षाच्या कार्यालयातल्या फोनचा होता. पाच वाजता लिपिक खोलीला कुलूप लावून जातात. रात्री तो फोन वाजतो आणि काचेच्या दाराआड कुणाला ऐकूही येत नाही. त्या रात्री दोन पस्तीस, दोन बावन्न आणि तीन दहाला तो वाजला होता. आम्ही पंधरा फुटांवर होतो. एका वॉर्मरची जागा रिकामी होती. कुणी उचलला असता तर मी सांगितलं असतं : ओलं कापड काढा, टोपडं घाला, आजीच्या छातीला लावा, नळीनं किंवा चमच्यानं साखरेचं पाणी अजिबात नको, शीर मिळत असेल तर डेक्स्ट्रोज लावा, व्हिटॅमिन के द्या, आईलाही गाडीत बसवा, आणि मधे कुठंही न थांबता सरळ या. दोन मिनिटांचं बोलणं.

हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिणं भाग आहे. मी चार दिवस खालच्यांच्या चुका गोळा करत होतो, आणि त्यातली सगळ्यात मोठी आमच्या खोलीत होती.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले आणि त्यात १२ नवजात होते, तेव्हा औषधं आणि मनुष्यबळ यांवर राज्यभर बोललं गेलं. ते बोलायलाच हवं होतं. पण बाळ दाराशी येईपर्यंत त्याच्यावर काय गुदरलेलं असतं, त्याची चर्चा तेव्हाही थोडीच झाली, आणि एरवी तर होतच नाही. आमच्या मासिक अहवालात "बाहेरून आलेली बाळं" असा रकाना आहे. त्यांचं येतानाचं तापमान किती होतं, हे विचारणारा रकाना तोवर नव्हता. आता आम्ही तो हातानं आखून घेतलाय.

पुढं काय झालं

आई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आली, जन्मानंतर बत्तीस तास उलटून गेल्यावर. इतका वेळ तिला दूध काढायला कुणी सांगितलेलं नव्हतं, छाती दगडासारखी झाली होती. आमच्या सिस्टरांनी तिला शेजारी बसवून हातानं दूध काढायला शिकवलं. पहिल्या वेळी वाटीच्या तळाला पिवळसर दोन मिलिलिटर चीक आला. ती म्हणाली, "एवढंच? ह्यानं काय हुतंय." नळीतून ते दोन मिलिलिटर बाळाच्या पोटात गेलं तेव्हा ती वॉर्मरच्या कडेला हात टेकून उभी होती.

तिसऱ्या दिवशी सीपॅप निघालं. वजन १४३० पर्यंत उतरलं, मग हळूहळू चढलं. आईनं कांगारू पद्धतीनं बाळ छातीला बांधून घेतलं. ती जेवायला गेली की आजी घ्यायची. गाडीत जे राहून गेलं ते आजीनं इथं दिवसाचे चार-पाच तास केलं. बोंडल्यानं दूध पाजायला तीच आधी शिकली. २४ व्या दिवशी १७४० ग्रॅम वजनावर बाळ घरी गेलं.

डोळ्यांच्या तपासणीसाठी चार आठवड्यांच्या आत परत बोलावलं, कारण दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासावाच लागतो. या बाळाला वाटेत मोजमापाशिवाय ऑक्सिजन मिळाला होता, त्यामुळं मला जास्त धाकधूक होती. अशा बाळाला जास्तीचा ऑक्सिजनही अपाय करतो. आम्ही तो ९० ते ९५ च्या दरम्यानच ठेवायचा प्रयत्न करतो. दोन्ही तपासण्यांत पडदा ठीक निघाला. आशाताईंच्या ठरलेल्या गृहभेटींपैकी ४२ व्या दिवशीच्या भेटीत झोळीकाट्यावर बाळ २३०० ग्रॅम भरलं. त्यांनी काट्याचा फोटो पाठवला.

बाळ घरी गेलं त्या संध्याकाळी मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना फोन केला. बाळ जगलं, आणि जन्मल्यावर तुम्ही दिलेल्या श्वासामुळं जगलं, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून काही आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, सोळा बाळं पाठवली असतील मी आजवर. पुढं काय झालं ते कुणीच कधी सांगितलं नाही. आम्ही गाडी गेली की रजिस्टर मिटतो."

आता रात्रीचा एक मोबाईल आमच्या ड्युटीवरच्या सिस्टरच्या खिशात असतो. त्याचा नंबर आमच्या भागातल्या प्रत्येक प्रसूतीगृहाच्या भिंतीवर, जुना नंबर खोडून, मी स्वतः फिरून लिहून आलो. चिठ्ठीचा एक छापील कागद केला : जन्माची वेळ, श्वास दिला का, निघतानाचं तापमान, साखर, व्हिटॅमिन के, आईला दिलेली औषधं, आणि "आई सोबत आहे का". ज्या केंद्रात थर्मामीटर नसेल तिथं हाताच्या मागच्या बाजूनं पोट आणि तळपाय तपासायला शिकवलं. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय, दोन्ही गार असतील तर गारठलंय. बाळ घरी गेलं किंवा गेलं नाही, दोन्ही वेळा पाठवणाऱ्याला फोन जातो. दुसऱ्या प्रकारचा फोन मीच करतो.

तालुक्याच्या दवाखान्यात रात्री अजून एकच सिस्टर असतात. ते माझ्या हातात नाही. मी दोनदा लिहून कळवलंय, पुन्हा लिहीन.

एप्रिलमध्ये एका रात्री अकराच्या सुमारास तो मोबाईल वाजला. त्याच आरोग्य केंद्रातून, त्याच सिस्टर.

"सर, कार्डावर ३१ आठवडे दिसतायत. कळा सुरू आहेत, तीन सेंटिमीटर उघडलंय. बाळ अजून पोटातच आहे. आईला पाठवू का?"

"डेक्सामेथासोन?"

"सिरिंज भरूनच फोन लावलाय. गाडी दारात आहे, मी स्वतः सोबत येतेय."

मी पाठवा म्हटलं, वरच्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवलं आणि आमच्या सिस्टरांना वॉर्मर सुरू करायला सांगितलं.